१९१० च्या आसपासचा अमेरिकन कॉलेज हॉकीचा सीझन: सामने इतके कमी का, आणि ‘रोव्हर’ म्हणजे कोण?

जुनी पानं

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या कॉलेजांचे १९०० ते १९१५ या काळातले आइस हॉकीचे निकाल एका तक्त्यात बसवायचे आहेत. आजच्या खेळाचे रकाने घेतले तर निम्मे भरतच नाहीत.

अख्ख्या सीझनमध्ये सामने आठ-दहा, आणि त्यातल्या दोन-तीनांपुढे नुसतं ‘रद्द’. काही संघांचे घरच्या मैदानावर सामनेच दिसत नाहीत. संघात सात नावं असतात, त्यात पॉइंट, कव्हर पॉइंट आणि रोव्हर या जागा नेमक्या कुठल्या? प्रशिक्षकाचा रकाना बऱ्याचदा कोरा असतो. नोंद हरवली असं समजायचं, की प्रशिक्षक नव्हताच? आणि मुख्य म्हणजे, ५ विजय ३ पराभव असा हिशोब बघून संघाच्या ताकदीबद्दल काही म्हणता येतं का?

गोठणबिंदू

‘रद्द’चं कारण बहुतेक वेळा एकच: बर्फ टिकला नाही. तुमच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, ‘नैसर्गिक की कृत्रिम बर्फ’. बाकीचं कोडं निम्मं तिथेच सुटेल.

कॉर्नेलचा संघ इथाकाच्या बीबी लेकवर खेळायचा, वेस्ट पॉइंटचा लष्करी संघ लस्क जलाशयावर. तळ्यावर खेळायचं म्हणजे दोन अडचणी. पाणी खोल असल्यामुळे ते उशिरा गोठतं, आणि माणसं उभी राहायची तर किमान १० सेंटीमीटर जाडीचा, पांढुरका नसलेला घट्ट बर्फ लागतो. दुसरी अडचण हिमाची. बर्फावर हिमाचा थर बसला की तो दुलईसारखं काम करतो आणि खालचा बर्फ जाड व्हायचा थांबतो. थर जड असेल तर बर्फाची लादी खाली दबते, फटींतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि त्याचा खडबडीत पांढरा चिखल गोठतो. म्हणून हिम पडलं की लगेच फावडी घेऊन ते काढावंच लागे. दुसऱ्या दिवशी काढू म्हटलं की पृष्ठभाग गेला.

यावर उपाय म्हणजे मैदानातच पाणी सोडून रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, करणं. जमीन आधी गोठलेली हवी, नाहीतर पाणी मुरून जातं. कडेला मातीचा किंवा दाबलेल्या हिमाचा बांध. मग रात्री, पारा साधारण उणे ७ ते उणे १२ सेल्सिअसला असताना, पातळ थर द्यायचे. त्या काळच्या नियमांत रिंक कमीत कमी ११२ फूट लांब आणि ५८ फूट रुंद लागे, म्हणजे सुमारे ६०० चौरस मीटर. त्यावर ३ मिलिमीटरचा एक थर म्हणजे साधारण १८०० लिटर पाणी. ३ सेंटीमीटर बर्फ हवा तर असे दहा थर, आणि प्रत्येक थर पूर्ण गोठल्याशिवाय पुढचा देता येत नाही.

चुका इथेच होतात. घाई करून एकदम जाड थर दिला तर तो वरून आधी गोठतो, खालचं पाणी जमिनीत उतरतं, मध्ये पोकळी राहते आणि स्केटच्या पात्याखाली पापुद्रा फुटतो. पाइप एका जागी धरून ठेवला तर तिथे खड्डा पडतो. काम संपल्यावर पाइपमधलं पाणी निथळवलं नाही तर सकाळी पाइप म्हणजे दांडकं. बर्फावर एखादं वाळकं पान राहिलं तरी ते ऊन शोषून स्वतःभोवतीचा बर्फ वितळवतं आणि हळूहळू आत रुतत जातं. रिंकच्या कडेच्या फळ्यांचंही तेच: ऊन खाणाऱ्या बाजूच्या फळीपाशी बर्फ आधी जातो.

एवढं करून सामन्याच्या आदल्या दिवशी हवा बदलली, की तार पाठवायची: येऊ नका.

कव्हरपॉइंट

जागांबद्दल. गोलकीपर सोडला तर उरलेले सहाजण असे: गोलच्या थेट पुढे पॉइंट, त्याच्या काही अंतर पुढे कव्हर पॉइंट, त्यापुढे मोकळा फिरणारा रोव्हर, आणि आघाडीला सेंटर, लेफ्ट विंग, राइट विंग. म्हणजे बचावाचे दोघे शेजारी-शेजारी नव्हते, एकामागे एक उभे असत. आज हे विचित्र वाटतं, पण ऑफसाइडचा नियम बघितला की समजतं.

तेव्हा पुढे पास देता येत नसे. पकच्या, म्हणजे खेळायच्या रबरी चकतीच्या, पुढे असलेला आपला खेळाडू ऑफसाइड. पास आडवा नाहीतर मागे. त्यामुळे पक पुढे न्यायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे तो काठीवर खेळवत स्वतः स्केटिंग करत नेणं. असा एकटा घुसणारा आला की कव्हर पॉइंट त्याला भिडणार, आणि तो निसटलाच तर मागचा पॉइंट उरलेलं काम करणार. पक हाती लागला की पॉइंटवाला तो उंच उडवून लांब फेकून द्यायचा, तेवढाच श्वास घ्यायला वेळ.

ही रचना मोडते कुठे? दोन हल्लेखोर रुंदीत अंतर ठेवून आले की. कव्हर पॉइंट एकाच्या अंगावर गेला, त्या हल्लेखोराने आडवा पास दिला, की पॉइंट एकटा आणि समोर मोकळा माणूस. हार्वर्डचे प्रशिक्षक आल्फ्रेड विन्सर यांना दोघांना शेजारी-शेजारी उभं करण्याचं श्रेय दिलं जातं ते याच संदर्भात. हार्वर्डचे निकाल बघताना हे ध्यानात ठेवा. छापील यादीत मात्र नावं पॉइंट आणि कव्हर पॉइंट अशीच राहतात.

रोव्हर हा संघातला सगळ्यात दमदार स्केटर असे, कारण हल्ला आणि बचाव दोन्हीकडे त्यालाच पळायचं. प्रिन्स्टनचा होबी बेकर याच जागेवर गाजला. आपल्याच गोलच्या मागून पक घेऊन वळसा घालत वेग पकडायचा आणि सगळा रिंक कापत जायचा, ही त्याची खास चाल. पुढे पास नसलेल्या खेळात अशा माणसाची किंमत किती, ते वेगळं सांगायला नको.

जुनी पानं

@कव्हरपॉइंट, मग रोव्हर गेला कधी? आणि सामना चालू असताना बदली खेळाडू नव्हतेच का? काही यादीत आठवं नाव दिसतं.

कव्हरपॉइंट

एकाच वेळी सगळीकडून गेला नाही, तक्ता करताना यात फसायला होतं. कॅनडातल्या व्यावसायिक नॅशनल हॉकी असोसिएशनने १९११–१२ च्या सीझनला रोव्हर काढून सहाजणांचा खेळ घेतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅसिफिक कोस्ट लीगने रोव्हर १९२२ पर्यंत सांभाळला. अमेरिकन कॉलेजंही पहिलं महायुद्ध होईपर्यंत सातच खेळवत होती. तेव्हा १९१४ च्या यादीत सात नावं दिसली तर ती चूक समजून एक खोडू नका.

बदली फक्त दुखापतीसाठी. कॅनडाच्या हौशी नियमांत पहिल्या हाफमध्ये कोणी जखमी झाला तर राखीव माणूस उतरवता येई. दुसऱ्या हाफमध्ये झाला तर समोरच्या कप्तानाने ठरवायचं: त्यांना बदली द्यायची, की आपलाही एक माणूस बाहेर काढायचा. अमेरिकन कॉलेजांचा खेळ याच नियमांवर बेतलेला होता. म्हणून यादीत आठवं नाव आणि दोन्ही संघ शेवटी सहा-सहावर, असं दोन्ही सापडू शकतं. २० मिनिटांचे दोन हाफ, तेच सातजण, आणि शेवटच्या दहा मिनिटांत भराभर गोल. ते गोल डावपेचांचे कमी आणि थकव्याचे जास्त.

तिसरा हाफ

घरच्या सामन्यांबद्दल वर राहिलेलं थोडं. कृत्रिम बर्फाचे रिंक मोजकेच होते, आणि ते कॉलेजांचे नव्हते. न्यूयॉर्कचा सेंट निकोलस रिंक १८९६ चा, बॉस्टन अरीना १९१० चा. अमोनियाच्या यंत्राने मिठाचं पाणी शून्याखाली थंड करायचं आणि ते फरशीखालच्या नळ्यांमधून फिरवायचं, ही पद्धत. प्रिन्स्टनला तर कॅम्पसवर स्वतःचा रिंक थेट १९२३ मध्ये मिळाला, तोही बेकरच्याच नावाने. त्याआधी त्यांचे ‘घरचे’ सामने म्हणजे सेंट निकोलसवरचे. तेव्हा घरचा/बाहेरचा असे दोन प्रकार पुरणार नाहीत. ‘तटस्थ’ हा तिसरा ठेवा. आणि बॉस्टन अरीना डिसेंबर १९१८ मध्ये जळालं, नवं १९२१ मध्ये उघडलं. त्या मधल्या वर्षांत बॉस्टनकडचे सामने कमी दिसले तर दोष युद्धावर आणि हवेवरच टाकू नका.

गंमत म्हणजे अमेरिकन कॉलेजांमधला पहिला म्हणून धरला जाणारा सामनाही, येल विरुद्ध जॉन्स हॉपकिन्स, १ फेब्रुवारी १८९६, बाल्टिमोरच्या कृत्रिम बर्फावरच झाला. २–२ बरोबरी.

सामने कमी असण्याला बर्फाखेरीज वेळापत्रकही कारणीभूत. नाताळच्या सुटीनंतर खरा सीझन सुरू, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला सहामाही परीक्षा, मग फेब्रुवारीचे उरलेले दोन-तीन आठवडे. मधल्या भगदाडाला ‘नोंद गहाळ’ म्हणू नका. दौरा रेल्वेने, सातजण, एक-दोन राखीव आणि मॅनेजर. एकदा निघालं की खर्च निघावा म्हणून लागोपाठच्या दिवशी दोन सामने लावायचे. दुसऱ्या दिवशीचा पराभव वाचताना आदल्या दिवशीची तारीख बघत जा.

मॅनेजर हा विद्यार्थीच. सामने ठरवणं, पत्रव्यवहार, रिंकचं भाडं, सगळं त्याच्याकडे. सराव कप्तान घेई, जमलं तर एखादा माजी खेळाडू येऊन बघे. त्यामुळे प्रशिक्षकाचा रकाना कोरा असेल तर बऱ्याच ठिकाणी तो खरोखरच कोरा आहे. हार्वर्डमध्ये विन्सर १९०२ पासून होते, हा अपवाद. कॉर्नेलकडे टॅल्बट हंटर होते, आणि त्यांचा १९१०–११ चा संघ दहाच्या दहा सामने जिंकून आंतरमहाविद्यालयीन विजेता ठरला. घरी तळं, पण नाव झालं बाहेरच्या रिंकवर.

ताकदीच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, निदान नुसत्या बेरजेवरून नाही. कारण प्रतिस्पर्धी एका तोलाचे नाहीत. त्याच यादीत हार्वर्ड असतं, एखादा प्रौढांचा अॅथलेटिक क्लब असतो आणि सेंट पॉल्ससारखी शाळाही असते. शाळा म्हणून हसू नका, बेकर तिथूनच आला होता. प्रतिस्पर्ध्याचा प्रकार लिहा आणि कॉलेजांविरुद्धचा हिशोब वेगळा काढा. ‘राष्ट्रीय विजेते’ असा उल्लेख सापडला तर तो वर्तमानपत्रांचा किंवा लीगचा दावा समजा. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची पहिली स्पर्धा १९४८ ची.

गोठणबिंदू

@तिसरा हाफ, ‘बर्फ’ रकान्यात मऊ बर्फालाही जागा हवी. सामना झाला, पण पारा शून्याच्या वर होता, असे दिवस बरेच. पक १ इंच जाड आणि ३ इंच व्यासाचा रबरी तुकडा. वर पाण्याचा पापुद्रा आला की तो घसरायचा थांबतो, आडवा पास अर्ध्यावर मरतो. मग चांगल्या पासिंगच्या संघाचा फायदा संपतो आणि दांडगा संघ वर येतो. १–१, २–१ असे निकाल एकाच आठवड्यात बऱ्याच गावांतून आले असतील तर त्या आठवड्याचं हवामान बघा.

कव्हरपॉइंट

छापील यादीतली लघुरूपं देऊन ठेवतो: जी., पी., सी.पी., आर., सी., एल.डब्ल्यू., आर.डब्ल्यू. दोन संघांची नावं एकाच ओळीत समोरासमोर असली की डावीकडच्या संघाच्या लेफ्ट विंगसमोर उजवीकडच्याचा राइट विंग येतो, कारण बर्फावर ते एकमेकांसमोर उभे असत. कधी मधलं लघुरूप एकदाच छापतात आणि ते फक्त डाव्या संघाला लागू असतं. इथे विंग उलटे नोंदले जातात. गोल करणाऱ्यांची नावं खाली मिळतील. असिस्ट, म्हणजे गोलसाठी पास कोणी दिला ते, बहुधा मिळणार नाहीत, तो रकाना काढूनच टाका.