मदत हवी आहे: जेलवर नॅडएची पट्टी येतच नाही!

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करतेय. प्रोजेक्ट असा: निरोगी मुलांच्या घशात राहणाऱ्या मेनिन्गोकोकसमध्ये (मेंदूज्वराचा जिवाणू) त्याच्या गट बीच्या लशीचं लक्ष्य असलेली जनुकं कशी बदललेली असतात ते बघायचं. परवानग्या घेऊन होस्टेलमधले स्वॅब घेतले. स्वॅब बर्फात ठेवायचे नाहीत आणि बाहेर पारा 45 वर! गाडीवरून लॅब गाठेपर्यंत जीव टांगणीला. तरी चॉकलेट अगारवर (तापवलेल्या रक्ताचं माध्यम), मेणबत्ती पेटवून झाकलेल्या बरणीत, करड्या चकचकीत वसाहती आल्या आणि ऑक्सिडेज चाचणीत जांभळ्या झाल्या.

आता घोळ. पीसीआरने जनुकांच्या प्रती वाढवून जेलवर बघितलं, तर लशीच्या लक्ष्यांपैकी एफएचबीपी जनुकाची पट्टी ठळक येते, नॅडए जनुकाच्या जागी मात्र काहीच नाही. बेक्सेरो या गट बीच्या लशीत एफएचबीपी, एनएचबीए, नॅडए ही प्रथिनं आणि पोरए प्रथिन असलेलं जिवाणूचं बाह्यपटल असे चार घटक आहेत. वाहकांमधल्या (जिवाणू घशात असूनही निरोगी माणसं) बऱ्याच स्ट्रेनमध्ये नॅडए जनुकच नसतं हे वाचलंय. पण माझ्याकडे ते खरंच नाही की प्राइमर (जनुकाला चिकटून पीसीआर सुरू करणारा डीएनएचा तुकडा) चिकटत नाही, हे कसं ओळखू? पॉझिटिव्ह कंट्रोल (नॅडए नक्की असलेला नमुना) नाही, मागितला तर "पुढच्या महिन्यात" हे ठरलेलं उत्तर.

दुसरी शंका, ही नायसेरिया लॅक्टॅमिका (मेनिन्गोकोकसचा घशातच राहणारा जवळचा भाऊबंद) तर नसेल ना? या दोघांना वेगळं ओळखणारी ओएनपीजी चाचणी अजून केलेली नाही. (सर ओरडतील, माहितेय.)

एफएचबीपीचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्यायचंय. पबएमएलएसटी या जिवाणूंच्या जनुकांच्या ऑनलाइन डेटाबेसवर टाकून 1, 2, 3 यांपैकी कोणता व्हेरियंट ते बघेन. बेक्सेरोत फक्त 1 आहे, म्हणून उत्सुकता जास्त.

नॅडएच्या दोन्ही बाजूंच्या जनुकांवर बसणारे प्राइमर कोणी वापरलेत का? पीसीआरमध्ये प्राइमर चिकटायचं तापमान किती ठेवलंत?