ऑफर लेटरमधल्या मेंबरशिप फीच्या कलमाबद्दल मदत हवी आहे

मंडळी, माझी लहान बहीण सीए झालीय, आता वाळूजच्या एका कंपनीची ऑफर आलीय, पगार बरा हाय पण लेटरमधलं एक कलम लई किचकट वाटायलंय. सीए इन्स्टिट्यूटची वार्षिक मेंबरशिप फी कंपनी भरणार, पण दोन वर्षांच्या आत सोडलं तर 'सर्व प्रोफेशनल खर्च' फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडताना मिळणाऱ्या शेवटच्या हिशोबातून) कापणार. आता यात नुसती फीच येती का सेमिनार, ट्रेनिंगचे पैसे पण धरतील, काहीच लिहिलं नाही. एचआर म्हणायलेत स्टँडर्ड फॉरमॅट हाय, म्हणजे बोलणंच खुंटलं. आणि कंपनीनं फी वेळेवर नाही भरली तर इन्स्टिट्यूटच्या सभासद रजिस्टरमधून नाव तर हिचंच निघणार ना?

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाचलं, त्यात वाजवी भरपाईच मिळती असं हाय, पण पगारातून आधीच कापल्यावर मागं लागायचं कुणी?

कुणी असं कलम बदलून घेतलंय का? फक्त प्रत्यक्ष भरलेली फी, ती पण उरलेल्या महिन्यांच्या हिशोबानं, असं मेलवर लिहून मागावं का? सोमवारी सही करायचीय, जरा लवकर सांगा.