झांगजियाजिएच्या कड्यावरची लिफ्ट: सोय की विद्रूपीकरण?

पाषाणप्रेमी:
चीनच्या हुनान प्रांतातील झांगजियाजिए राष्ट्रीय वन उद्यान पाहून आल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे, तो येथे मांडतो. १९८२ मध्ये स्थापन झालेले हे चीनचे पहिले राष्ट्रीय वन उद्यान. ज्या वुलिंगयुआन प्रदेशात ते येते, त्याचा समावेश १९९२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. तेथे वालुकाश्माचे तीन हजारांहून अधिक सुळके आहेत, त्यांतले कित्येक दोनशे मीटरांपेक्षा उंच आहेत, आणि पाऊस ओसरल्यावर दऱ्यांतून धुके वर चढू लागले की त्या सुळक्यांचे केवळ माथे आणि त्यांवरची पाइनची झाडे दिसत राहतात.

अशा ठिकाणी ३२६ मीटर उंचीची बायलाँग लिफ्ट उभ्या कड्याला खेटून बसवली आहे. तिचा खालचा भाग डोंगराच्या पोटात खोदलेल्या विवरातून जातो आणि वरचा पोलादी सांगाडा उघड्या कड्यावर लांबूनही नजरेत खुपतो. युनेस्कोने १९९८ मध्येच येथे पर्यटनाच्या सोयींचा अतिरेक झाल्याचे बजावले होते. त्यानंतर उद्यानाच्या आतली अनेक हॉटेले पाडण्यात आली, आणि त्याच सुमारास या लिफ्टचे काम सुरू होऊन २००२ मध्ये ती चालूही झाली! इमारती हटवायच्या आणि कड्यावर यंत्र चढवायचे, यामागचा तर्क मला समजलेला नाही. जे दृश्य पाहण्यासाठी लोक येतात त्याच दृश्याला छेद देणाऱ्या गोष्टीला सोय म्हणावे का?

सावकाश_चालणारी:
पाषाणप्रेमी, आपला राग समजतो, पण तो धडधाकट गुडघ्यांचा राग आहे. माझ्या सासूबाईंना माथ्यावरच्या युआनजियाजिए या भागातील सज्जावरून ते सुळके पाहता आले ते केवळ या लिफ्टमुळे, कारण दरीच्या तळापासून माथ्यापर्यंतच्या दगडी पायऱ्या चढणे त्यांना शक्यच नव्हते. शिवाय त्या पायऱ्या, कठडे आणि फरसबंद वाटा निसर्गाने घडवलेल्या नाहीत. त्यांच्यासाठीही डोंगर फोडावाच लागला असणार, तरी त्यांच्याविषयी कोणी तक्रार करत नाही, कारण त्या आपल्याला वापरता येतात. वारसा संपूर्ण मानवजातीचा आहे असे जाहीर करायचे आणि तो पाहण्याची अट मात्र दमदार छातीची ठेवायची, हे मला पटत नाही.

वालुकाश्म:
दोघांच्याही म्हणण्यात भूशास्त्र राहून गेले आहे. या सुळक्यांना अनेक जण चुनखडीचे समजतात, पण हा क्वार्ट्झचे प्रमाण भरपूर असलेला वालुकाश्म आहे. तो पाण्यात सहजी विरघळत नाही आणि त्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणूनच इतके उंच आणि सडपातळ खांब तोल सांभाळून उभे राहू शकले. त्याला उभ्या भेगा आहेत. त्यांत पाणी शिरते, हिवाळ्यात गोठून फुगते, झाडांची मुळे त्या भेगा आणखी रुंदावतात, आणि शेवटी कड्याचा एखादा भाग सुटून खाली येतो. आज जे सुळके आपण पाहतो ते या अखंड पडझडीतून शिल्लक राहिलेले अवशेष आहेत. त्यामुळे लिफ्टने शाश्वत काहीतरी भंगले, हा सूर मला अतिरंजित वाटतो. मात्र एवढ्याने लिफ्टचे समर्थनही होत नाही. भेगांच्या रेषेने खडक आपसूक सुटणे आणि भेग नसलेल्या जागी माणसाने विवर खोदणे, यांत फरक आहेच.

डोंगरयात्री:
लिफ्ट, काचेचा पूल, हजारोंची गर्दी: त्या उद्यानाची जत्रा झाली आहे, एवढेच म्हणेन.

वालुकाश्म:
डोंगरयात्री, २०१६ मध्ये खुला झालेला तो काचेचा पूल या वन उद्यानात नाही. तो झांगजियाजिए ग्रँड कॅन्यन या वेगळ्या ठिकाणी आहे. ज्याच्या रोपवेची लांबी साडेसात किलोमीटरांच्या आसपास आहे तो तियानमेन पर्वतही या उद्यानाबाहेरच, शहराजवळ आहे. टीका करावी, पण एका ठिकाणचे पाप दुसऱ्याच्या माथी मारू नये.

पाषाणप्रेमी:
सावकाश_चालणारी यांचा मुद्दा मी टाळणार नाही. ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठी काहीतरी वाहन हवे, हे मान्य. परंतु ही लिफ्ट त्यांच्यापुरती नाही. दोन मिनिटांच्या आत माथ्यावर नेणारे साधन असेल तर धडधाकट माणूसही तेच निवडतो, आणि परिणामी सगळी गर्दी एकाच अरुंद सज्जावर येऊन उभी राहते. तेथे मागचे लोक पुढच्यांना ढकलत असतात, मार्गदर्शकांचे ध्वनिवर्धक एकमेकांवर आवाज चढवत असतात, आणि दरीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतले की माणूस बसच्या रांगेकडे वळतो. (ध्वनिवर्धकांवर बंदी आणायला तर कोणताही डोंगर फोडावा लागणार नाही.) या सुळक्यांची खरी उंची खालून, जिनबियान ओढ्याच्या काठाने मान वर करून चालतानाच कळते. वरून पाहताना सुळक्यांची दाटी दिसते, पण उंचीचा अंदाज हरवतो. लिफ्टने येऊन लिफ्टनेच परतणाऱ्याला हा अर्धा भाग मिळतच नाही.

सावकाश_चालणारी:
आपण ज्या ओढ्याकाठाचे कौतुक करता, त्याचाच विचार करून पाहा. लिफ्ट उद्या बंद केली तर ही माणसे घरी बसणार नाहीत, ती त्या अरुंद दरीत उतरतील. वुलिंगयुआनचे ओढे हे चिनी महाकाय सॅलमँडरसारख्या संकटग्रस्त उभयचराचे घर आहे, आणि त्या काठाने दिवसभर गर्दी वाहू लागली तर त्याचे मोल पोलादी सांगाड्यापेक्षा जास्त पडेल, अशी माझी भीती आहे. रोपवे वाढवावेत तर त्यांचे खांबही कोठेतरी रोवावे लागतील. तेव्हा लिफ्ट आहे तशी राहू द्यावी आणि एका दिवसात किती लोकांना आत सोडायचे, त्या आकड्यावर वाद घालावा.

पाषाणप्रेमी:
आकड्यावर वाद घालायला मी तयार आहे, पण तो आकडा लिफ्टची क्षमता पाहून ठरता कामा नये. सज्जावर किती माणसे कठड्याला टेकून निवांत उभी राहू शकतात, तेथून मोजणी सुरू करावी. तेवढ्याच माणसांना सोडल्यावर लिफ्ट निम्मी रिकामी धावणार असेल, तर ती बांधलीच कशाला, हा माझा मूळ प्रश्न कायम राहतो.