मदत हवी आहे: ‘सबर्ब’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. वाचनगटासाठी एका अमेरिकन कादंबरीतली दोन प्रकरणं मराठीत करते आहे. चाळिशीतली कृष्णवर्णीय नायिका आई गेल्यावर घर आवरायला परत येते आणि कपाटागणिक लहानपण बाहेर पडतं. अख्ख्या गल्लीत यांचं एकटंच काळं कुटुंब.

गाडी अडलीय ‘सबर्ब’पाशी. ‘उपनगर’ लिहिलं की डोळ्यांसमोर बोरिवली लोकल येते. तिकडचं सबर्ब म्हणजे हिरवळ, गॅरेज, एकसारखी घरं, आणि घर कोणाला द्यायचं नाही हे आधीच ठरलेलं. लेव्हिटाउन नावाच्या अशाच वसाहतींच्या सुरुवातीच्या करारांत तर गोऱ्यांखेरीज कोणाला राहू देऊ नये असं चक्क लिहिलेलं होतं! अशी वर्णभेदी कलमं न्यायालयांना राबवता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच दिला. तरी १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लेव्हिटाउनमध्ये पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब आलं तेव्हा घरावर दगड पडलेच. एवढं सगळं एका शब्दात कसं बसवू? ‘कॉलनी’ जवळचं वाटतं, पण त्याला सरकारी क्वार्टर्सचा वास येतो.

दुसरं म्हणजे, नायिकेची आई शेजारणींशी एक इंग्रजी बोलते आणि बहिणीशी फोनवर वेगळंच. तिथे वऱ्हाडी घातली तर उगाच विनोदी होईल. दलित आत्मकथनांची बोली घेतली तर मावशी थेट मराठवाड्यातली वाटेल. तळटीप नको, आमच्या गटातल्या काकू तळटीपा वाचत नाहीत.

कोणी असा अनुवाद केला असेल तर कसं निभावलंत? एखादा परिच्छेद टाकलात तर फारच बरं.