मदत हवी आहे : वास्कोतल्या अभ्यासिकेला निधी, तोही शिकवणाऱ्या मुलीच्या पगारासाठी

नमस्कार मंडळी,

आमचा वाडा, म्हणजे वस्ती, गोव्यात वास्कोला, मांगोर हिलच्या उतारावर. एकेका खोलीची घरं. संध्याकाळी टीव्ही लागला की दहावीच्या मुलाने पुस्तक घेऊन बसायचं कुठे? म्हणून गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत अभ्यासिका सुरू केली. खाली चटया, मांडीवर पुठ्ठा, वर दोन ट्यूबलाइट. वाड्यातलीच एक बी.ए. झालेली मुलगी रोज साडेसहाला कुलूप काढते, लहानांचे पाढे घेते, मोठ्यांचं गणित अडलं तर सोडवून देते. घरी कन्नड बोलणारी मुलंही तिच्याकडे येऊन बसतात. तिला आम्ही वर्गणीतून देतो. पण चतुर्थी जवळ आली की वर्गणी तिकडे वळते आणि हिचे पैसे राहतात. आता तिला वेर्णाला नोकरी मिळतेय. ती गेली तर खोलीला कुलूपच लागेल.

वस्तू द्यायला लोक पुढे येतात. एका कंपनीने संगणक देऊ केले, पण पगाराचं विचारल्यावर 'पगारासाठी तरतूद नसते' म्हणाले. संगणक घेऊन आम्ही करायचं काय, मुलांसमोर बसणारं माणूसच नसेल तर?

पालिकेकडून फारशी आशा नाही. प्रभाग समित्या (वॉर्डांचे प्रश्न बघणाऱ्या पालिकेच्या समित्या) घटनेने सक्तीच्या केल्या त्या ३ लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांत, आणि गोव्यातली एकही पालिका तेवढी मोठी नाही. त्यामुळे वाड्याने जायचं ते नगरसेवकाकडे, आणि तिथे गटार आणि रस्ता यापुढे बोलणं सरकत नाही.

मंडळ नोंदणीकृत नाही. खोलीची जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेची. वीजबिल मंडळाच्या नावावर आहे, मालकीचा कागद नाही. अशा स्थितीत पगारासाठी निधी कोण देतं? आधी संस्था नोंदवायची की आधी देणगीदार शोधायचा? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद :

ताई, पगाराला तरतूद नसते हे कायद्यात कुठेही नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ खाली कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) खर्चावर जी ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती तिच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाची. प्रकल्पावर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. अभ्यासिकेत शिकवणाऱ्याचं मानधन हाच तुमचा प्रकल्प. अर्जात 'पगार' असं सुटं लिहू नका, 'शिक्षण उपक्रम, शिक्षिकेचं मानधन' असं लिहा. सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये आहे, तिथे शिक्षण आहेच.

दुसरं, 'चालू प्रकल्प' म्हणून मागा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे ३ वर्षांपर्यंत तो चालवता येतो, म्हणजे दर चतुर्थीला तिचे पैसे थांबायचं कारण नाही. कायदा कंपनीला आपल्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो, तेव्हा वास्को आणि वेर्णाच्या कंपन्यांकडेच आधी जा.

नोंदणी करा. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली ७ माणसं पुरतात. पण लगेच निधी येईल असं धरू नका : सीएसआरचा पैसा संस्थेमार्फत खर्च करायचा तर तिच्याकडे आयकर खात्याची धर्मादाय नोंदणी (१२ए) आणि देणगीवर करसवलतीची मान्यता (८०जी), कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून तोवर एखाद्या जुन्या, विश्वासू संस्थेच्या छत्राखाली काम करा. पैसा त्यांच्या खात्यात, काम तुमच्या वाड्यात, आणि दोघांमध्ये लेखी करार. शिक्षिकेचं मानधन दर महिन्याच्या कोणत्या तारखेला द्यायचं हेही करारात घाला, नाहीतर तिची वर्गणीसारखीच ओढाताण होईल.

जमिनीची काळजी आत्ता नको. बांधकामाला पैसे मागितले की कागद विचारतात. माणसाच्या मानधनाला सहसा नाही. हजेरीची वही मात्र आजपासून ठेवा : मुलाचं नाव, इयत्ता, आला की नाही. पुढे अनुभव दाखवताना तीच कामाला येईल.

धागाकर्ती :

मनापासून आभार. हजेरीची वही आजच सुरू करते. छत्राखाली घेणाऱ्या संस्थेशी करायच्या कराराचा नमुना कुणाकडे मराठीत असेल तर इथे टाकाल का? मंडळातल्या सगळ्यांना वाचून दाखवायचा आहे. आणि मुरगाव तालुक्यात अशी संस्था माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्या मुलीला वेर्णाला महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे.