इम्प्लांट पक्के, हाडही छान, तरी भाकरी खाताना गाल का दमतात?

प्रश्न (खाडीपलीकडे):
रुग्ण बाई, वय ६४. खालच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या दाढा आठ वर्षं नव्हत्या. आता दोन्हीकडे दोन-दोन इम्प्लांट (हाडात बसवलेली कृत्रिम मुळं), त्यांवर कॅप बसवून सहा आठवडे झाले. हिरडी निरोगी आहे. पण तांदळाची अर्धी भाकरी होते न होते तोच गाल आणि कानशिलं भरून येतात. मऊ भातावरच ठेवावं का?

रोठा_सुपारी:
मऊ भातावर ठेवू नका, स्नायू आणखी ढिले पडतील. आठ वर्षं काम नसल्याने मॅसेटर, म्हणजे गालातला चावण्याचा मुख्य स्नायू, बारीक झालेला असतो. जबड्याच्या कोनाच्या जरा वर दोन्ही गालांवर बोटं ठेवून दात आवळायला सांगा. एक बाजू उशिरा किंवा कमी फुगली, तर त्या एकट्या गालाकडे लक्ष द्या.

दुसरं कारण जाणिवेचं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो, तो घास किती कडक आहे ते मेंदूला कळवतो. इम्प्लांट थेट हाडालाच धरलेला, तिथे हा पडदा नाही. म्हणून घास मऊ असो की कडक, जोर नेमका बेतला जात नाही आणि स्नायू उगाच जास्त राबतात.

माडबन:
स्नायूंना काम देण्याआधी चावा, म्हणजे वरचे-खालचे दात कसे टेकतात ते, तपासा; हे अनेकदा राहून जातं. दाबाखाली खरा दात २५ ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली दबतो, इम्प्लांट जेमतेम ३ ते ५. म्हणून हलक्या चाव्यात कॅप समोरच्या दाताला घट्ट टेकायला नको. ८ मायक्रॉनची शिमस्टॉक पट्टी (चावा तपासायची अतिशय पातळ पट्टी) दातांमध्ये लावा: हलक्या चाव्यात ती कॅपवरून सरकून यावी, करकचून चावल्यावर अडकावी. शिवाय समोर दाढ नसल्याने वरच्या दाढा खाली उतरलेल्या असू शकतात. मग जबडा आडवा सरकताना त्या कॅपला घासतात आणि स्नायू ती वाट टाळत आखडतात. सकाळी उठल्या उठल्या दुखत असेल तर रात्री दात आवळत असतील, नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) द्या.

रोठा_सुपारी:
चावा बरोबर असेल तर पहिले दोन आठवडे कुळथाच्या पिठीत बुडवलेली भाकरी, वालाची मऊ उसळ. लहान घास, दोन्ही बाजूंनी. मग कोरडी भाकरी, ओल्या खोबऱ्याचे पातळ काप. भाजलेला सुका बोंबील सर्वांत शेवटी. सुपारी दाढेखाली फोडायची नाही, कधीच नाही: स्क्रू ढिला होतो, पोर्सेलीनचा टवका उडतो. प्रगती बघायला दोन रंगांचं च्युइंगगम २० वेळा चावायला द्या आणि चपटं करून रंग किती मिसळले ते पाहा. महिन्याने पुन्हा. या वयात स्नायूची जाडी पूर्ण भरून येईलच असं नाही, घास बारीक होणं महत्त्वाचं.

खाडीपलीकडे:
पट्टी लावली. डावीकडच्या शेवटच्या कॅपवर हलक्या चाव्यातच अडकते. किती घासू?

माडबन:
एकदम नको. आर्टिक्युलेटिंग पेपरची (दात टेकतात तिथे रंग उमटवणाऱ्या कागदाची) खूण उमटेल तेवढाच ठिपका बारीक डायमंड बरने (घासायच्या हिरकणी टोकाने), पाणी चालू ठेवून घासा. प्रत्येक वेळी पट्टी पुन्हा लावा. शेवटी पॉलिश नक्की करा, खरखरीत सिरॅमिक वरची दाढ झिजवतं. दोन आठवड्यांनी परत बोलवा.