शंखी गोगलगायी: भर पावसात बागेतलं आच्छादन काढावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आम्ही काही जण मिळून पर्माकल्चर पद्धतीची, म्हणजे निसर्गाच्या चालीने, बाग करतो. जागा सार्वजनिक, साधारण आठ गुंठे. चार वर्षांपूर्वी इथे नुसता राडारोडा होता, कुदळ मारली की विटांचे तुकडे वर यायचे. आसपासच्या सोसायट्यांचा पालापाचोळा आणि रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं आणून मातीवर आच्छादनाचे थरावर थर घालत गेलो. आता हात घातला की काळी, भुसभुशीत माती लागते, गांडुळं दिसतात. केळीचं वर्तुळ आहे, त्यात मधल्या खड्ड्यात ओला कचरा जिरतो. अळू, हळद, सुरण, शेवगा, पपई, कुंपणाला गिरिपुष्प. नियमित येणारे पंधराएक जण, शिवाय रविवारी मुलं येतात.

अडचण शंखी गोगलगायींची आहे. मोठ्या, लांबट शंखाच्या, तपकिरी पट्ट्यांच्या आफ्रिकन गोगलगायी. मागच्या पावसाळ्यात दहा-वीस दिसल्या होत्या, बहुधा कुठल्या तरी रोपाच्या मातीतून अंडी आली असावीत. या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून शेकड्यांनी आहेत. मुलांनी लावलेली झेंडूची आणि काकडीची रोपं दोन रात्रींत संपली, पपईची तर नुसती बुडखी उरली. पुढच्या रविवारी मुलं वाफ्यापाशी उभी राहिली तेव्हा त्यांना काय सांगावं ते सुचेना.

आमचा दिवस आणि गोगलगायींचा दिवस जुळत नाही, हे यातलं खरं दुखणं. आम्ही रविवारी सकाळी आठला जमतो, त्या अंधार पडल्यावर बाहेर येतात. सकाळी आच्छादनाखाली, केळीच्या सोपटांत दडून बसलेल्या असतात. एक मादी, एक नर असा प्रकार नाही, प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते आणि एका खेपेला शंभराच्या वर घालते. साबुदाण्याहून जरा मोठी, पिवळसर पांढरी अंडी मातीत दोन-चार बोटं खोल सापडतात. म्हणजे आठवड्यातून एकदा वेचून हिशेब लागणार नाही.

आत्तापर्यंत केलेलं: गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला पसरतो आणि पहाटे उलटतो. याने खरंच फरक पडतो, एका गोणपाटाखाली तीस-चाळीस मिळतात. पण पहाटे यायला रोज दोघंच असतात. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकतो. मीठ वाफ्यात अजिबात टाकत नाही, चार वर्षांची माती त्याने बिघडेल.

विषारी गोळ्या वापराव्यात असं दोघांचं म्हणणं आहे. माझा ठाम विरोध आहे. बागेत कुत्री-मांजरं फिरतात आणि आमच्याकडे भारद्वाजाची जोडी आहे, ती याच गोगलगायी फोडून खाते. आपल्या बाजूने काम करणारा पक्षीच आपण मारायचा का?

दुसऱ्या टोकाला आमच्यातल्या एक काकू आहेत. त्यांना जीव मारणं सहन होत नाही. त्या पिशवी भरून येऊरच्या रानात सोडून येऊ म्हणतात. त्यांच्या मनातली दया मला कळते, पण पलीकडे राष्ट्रीय उद्यान आहे. १८४७ मध्ये कलकत्त्यात एका बागेत सोडलेल्या या गोगलगायी आज देशभर पसरल्या आहेत. आपण हाताने त्या जंगलात नेऊन सोडणं मला कुठल्याच हिशेबाने पटत नाही. काकूंना न दुखावता हे कसं समजवावं, आणि मारायचंच तर कमीत कमी यातना होतील असा मार्ग कोणता?

आता मुख्य प्रश्न. सगळ्यांचा रेटा आहे की आच्छादन काढून जमीन मोकळी करावी, म्हणजे लपायला जागा राहणार नाही. पण आपल्याकडचा पाऊस उघड्या मातीवर पडला तर वरचा थर दोन सरींत वाहून जाईल. रोपांभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून बाकी आच्छादन तसंच राखलं तर चालेल का? कोकणात किंवा गोव्यात कोणी असं केलं असेल तर अनुभव लिहा. कुंपणाच्या भिंतीचा चुना खरवडलेला दिसतो. शंखासाठी त्यांना चुना लागतो, तेव्हा आमच्या राडारोड्यानेच त्यांना पोसलं की काय, अशीही शंका येते.

बदकं पाळलेल्यांनीही सांगा. लहान गोगलगायी ती खातात हे माहीत आहे, पण रात्री त्यांची राखण कोण करणार?

भर: प्रतिसादांत दोन गोष्टी विचारल्यात म्हणून लिहिते.

मुलांना आता वेचू देत नाही. या गोगलगायींतून उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी माणसात येऊ शकतो आणि तो मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. मोठ्यांनीही हातमोजे घालूनच वेचायचं, नंतर साबणाने हात धुवायचे आणि बागेतली पालेभाजी कच्ची खायची नाही, असं ठरवलंय. मुलांना ओळखपरेडचं काम दिलंय. आपल्या इथल्या गोगलगायी बहुतेक लहान आणि चपट्या असतात, काहींचा शंख तर डावीकडे वळलेला असतो. त्यांना हात लावायचा नाही. लांबट, पट्टेवाला शंख दिसला की मोठ्यांना हाक मारायची.

दुसरं, रोज पहाटे दोनच माणसं का? कारण बाकीचे नोकरीवाले आहेत, साडेसहाची लोकल धरतात. त्यांना दोष नाही. संध्याकाळी साडेसात ते साडेआठ टॉर्च घेऊन आळीपाळीने वेचायची पाळी लावावी असा विचार आहे, प्रत्येकाला आठवड्यातून एकच दिवस येईल. असं पाळीपत्रक पावसात कोणी टिकवलं असेल तर कसं, ते सांगा. आच्छादनाचा निर्णय येत्या रविवारी घ्यायचाय, त्याआधी उत्तरं मिळाली तर मला सगळ्यांपुढे मांडता येतील.